पायऱ्या कोणी घडवल्या?

फाल्गुन सरत आला की सौंसर-पांढुर्ण्याच्या जंगलकडेला पहाटेच मोहफुलं वेचायला माणसं निघतात. वाळवलेली फुलं पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत सडवा फसफसू लागतो. अबकारीवाल्यांच्या पंचनाम्यात तो लिटरांत मोजला जातो आणि ओतून दिला जातो. त्या सडव्याच्या एका थेंबात लाखो यीस्टपेशी असतात. एखादी नुकतीच आईपासून सुटलेली, एखादीला बारीक अंकुर फुटलेला, एखादी आपल्या डीएनएची नक्कल करण्यात गुंतलेली. कुणाचा कुणाशी मेळ नाही. फुलातली साखर फोडून दारू करण्याचं काम मात्र सगळ्याच करतात, आणि ते करतात एन्झाइमांच्या जोरावर.

हे एन्झाइम पेशीबाहेर काढूनही काम करतात, हे 1897 मध्ये एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. त्याने यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून तिचा रस काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घालताच तो आंबू लागला. 1907 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला यासाठी मिळालं. पुढची पन्नास वर्षं जीवरसायनशास्त्र कोणता एन्झाइम काय फोडतो, काय जोडतो याच्या नोंदी करत राहिलं. एक साधा प्रश्न त्यात बराच काळ कुणाला पडला नाही. पेशी जन्मते, वाढते, दुभंगते; एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतच्या या आयुष्यात ती आपले एन्झाइम बनवते कधी? रोज थोडं-थोडं, की प्रत्येकाची वेळ ठरलेली?

प्रश्न उशिरा पडण्याचं कारण असं की पेशीच्या आयुष्याला टप्पे असतात हेच नीट ठाऊक नव्हतं. विभाजन सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचं. मधला काळ ‘विश्रांतीचा’ म्हणून सोडून दिला जाई. लंडनमधल्या अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी घेवड्याच्या जातीतल्या एका वनस्पतीच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि 1953 मध्ये दाखवलं, की डीएनए मधल्या काळात एका ठरावीक टप्प्यातच तयार होतं. त्या आधी एक मोकळा काळ, नंतर एक मोकळा काळ, मग विभाजन. चार टप्प्यांचं पेशीचक्र आज शाळेच्या पुस्तकात असतं ते तिथून आलं. डीएनएला जर ठरावीक वेळ असेल, तर एन्झाइमांना का नसावी?

आता अडचण मोजण्याची. एका यीस्टपेशीतला एन्झाइम मोजण्याइतकी साधनं तेव्हा नव्हती. कोट्यवधी पेशी एकत्र घेऊनच मोजणं शक्य होतं, आणि कोट्यवधी पेशी म्हणजे पुन्हा तो सडवा. शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला निघालेली गर्दी डोळ्यांसमोर आणा. कुणी सौंसरच्या नाक्यावर आहे, कुणी अर्ध्या वाटेवर, कुणी दर्शन घेऊन परत फिरलेलं. या सगळ्यांनी मिळून तासाभरात किती चहा प्यायला ते मोजता येईल. एक माणूस वाटेत नेमका कुठे चहाला थांबतो, ते त्या आकड्यावरून कळायचं नाही. त्यासाठी सगळ्यांना एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून सोडायला हवं. यीस्टच्या पेशींना असं एका ओळीत उभं करण्याच्या खटपटीतून हा सगळा इतिहास घडला, आणि त्यातली सर्वांत मोठी फसगतही.

या खटपटीचं एक केंद्र स्कॉटलंडमधलं एडिनबरा. तिथे 1953 मध्ये मर्डॉक मिचिसन आले. घराणंच असं, की बुद्धीची कमतरता पडू नये: आई नेओमी मिचिसन नामवंत कादंबरीकार, आणि मामा जे. बी. एस. हाल्डेन. या मामांनी 1930 मध्येच एन्झाइमांवर एक पुस्तक लिहिलं होतं, एन्झाइमाचा वेग मोजण्याच्या सूत्रावर त्यांचं नाव आहे, आणि 1957 मध्ये ते इंग्लंड सोडून भारतात आले, ते कायमचेच. 1964 मध्ये भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. भाचा मात्र एडिनबरात एका वेगळ्याच गोष्टीच्या शोधात होता. त्याला अशी पेशी हवी होती, की जिच्याकडे नुसतं पाहून तिचं वय सांगता यावं.

ती त्यांना बिअरमधल्या एका यीस्टमध्ये सापडली. पाउल लिंडनर यांनी 1893 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून तिचं वर्णन केलं होतं. शास्त्रीय नाव शायझोसॅकरोमायसिस पॉम्बे. आपल्या ओळखीची बेकरीची यीस्ट अंकुर फुटून वाढते. ही तशी नाही. ही एक बारीकशी कांडी. जाडी बदलत नाही, फक्त लांबी वाढत जाते. साधारण दुप्पट झाली की मधोमध आडवी भिंत पडते आणि दोन कांड्या होतात. लांबी मोजली की चक्रातली जागा कळली. स्वित्झर्लंडमध्ये उर्स लॉयपोल्ड यांनी तिच्या आनुवंशिकीचा पाया आधीच घातला होता. मिचिसन यांनी 1957 मध्ये एकेकट्या पेशीच्या वाढीवर पहिला निबंध छापला. तेव्हा त्यांना पेशी वाढते कशी एवढंच पाहायचं होतं. एन्झाइम नंतर आले.

एन्झाइम आले ते पॅरिसमुळे. 1961 मध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जिवाणूत दाखवलं, की जनुक चालू होतं, बंद होतं, आणि त्याप्रमाणे एन्झाइम बनतो किंवा बनत नाही. या कल्पनेनं त्या पिढीला झपाटून टाकलं. पेशीचक्रातल्या कोणत्या क्षणी कोणतं जनुक चालू होतं, हे एन्झाइम मोजून ओळखता येईल, असं वाटू लागलं. डीएनएची अक्षरं वाचण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं. जनुकाची हालचाल कळण्याचा एन्झाइम हाच एक मार्ग होता.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्लिन हॅल्व्हर्सन बेकरीच्या यीस्टवर काम करत होते. पेशींना एका ओळीत आणण्याची त्या काळची रूढ रीत विल्यमसन आणि स्कोप्स यांनी 1962 मध्ये सांगितलेली: पेशी उपाशी ठेवायच्या, मग खाऊ घालायचं, पुन्हा उपाशी ठेवायच्या. शेवटी अन्न दिलं की सगळ्या मिळून एकदम अंकुर धरतात. हॅल्व्हर्सन यांच्या गटाने अशा पेशींतून दर काही मिनिटांनी नमुने काढले, एन्झाइम मोजले आणि 1964 मध्ये आलेख छापले. आलेखात एन्झाइमची रेषा बराच वेळ सपाट राहायची, मग थोड्याच वेळात उभी चढायची, दुप्पट व्हायची आणि पुन्हा सपाट. पुढच्या विभाजनात तीच गोष्ट. आलेखात स्पष्ट पायरी दिसे. दुसऱ्या एन्झाइमची पायरी दुसऱ्या वेळी. अशा एन्झाइमांना ‘पायरी-एन्झाइम’ हे नाव पडलं.

मग त्याहून देखणी गोष्ट घडली. हॅल्व्हर्सन यांच्याबरोबर पॅट्रिक टॉरो काम करत होते. या दोघांनी 1966 मध्ये असा निष्कर्ष काढला, की पायरी कधी येणार हे जनुक गुणसूत्रावर कुठे बसलंय त्यावर ठरतं. माल्टोज ही साखर फोडणाऱ्या एन्झाइमची जनुकं यीस्टमध्ये निरनिराळ्या गुणसूत्रांवर असू शकतात. ज्या वाणात असं एक जनुक, त्यात एक पायरी. ज्यात जास्त, त्यात जास्त पायऱ्या. 1968 मध्ये त्यांनी आणि एप्स्टाइन यांनी पायरीची वेळ आणि गुणसूत्रबिंदूपासून (सेंट्रोमिअरपासून) जनुकाचं अंतर यांची सांगड घातली. म्हणजे पेशी आपलं गुणसूत्र एका टोकापासून वाचत जाते, आणि ज्या जनुकाची पाळी येईल त्याचा एन्झाइम त्या वेळी बनतो, असं हे मत. गुणसूत्र म्हणजेच पेशीचं वेळापत्रक.

आज हे वाचताना हसू येऊ शकतं, पण मला ते अन्यायाचं वाटतं. अपुऱ्या साधनांत, हाती फक्त अर्क आणि रंग बदलणारी रसायनं असताना, जनुकाची जागा आणि एन्झाइमची वेळ यांचं नातं जोडायला जावं, हे धाडस होतं. आणि उत्तर सुंदर होतं, हीच खरी गोची.

एडिनबरात मिचिसन यांना उपाशी ठेवण्याची रीत पसंत नव्हती. 1965 मध्ये त्यांनी आणि वॉल्टर व्हिन्सेंट यांनी दुसरी काढली. परीक्षानळीत साखरेचं द्रावण असं भरायचं की वर पातळ आणि खाली दाट. वर पेशी सोडायच्या, नळी यंत्रात फिरवायची. मोठ्या पेशी लवकर खाली जातात, नुकत्या जन्मलेल्या लहान पेशी वरच रेंगाळतात. तो वरचा थर अलगद उचलला की हाती येतात एकाच वयाच्या पेशी. उपासमार नाही, विष नाही. दुसऱ्याच वर्षी बोस्टॉक, डोनाकी, मास्टर्स आणि मिचिसन यांनी या रीतीने काढलेल्या पेशींत काही एन्झाइम मोजले. इथेही पायऱ्या दिसल्या.

साहजिकच पायऱ्यांची यादी वाढत गेली. जिवाणू, यीस्ट, शैवाल, प्राण्यांच्या पेशी, जिथे पाहावं तिथे. कारणांवर मात्र मतभेद होते. एका पक्षाचं म्हणणं हॅल्व्हर्सन यांचं: जनुकं ओळीने वाचली जातात. दुसरा पक्ष म्हणे, ओळ वगैरे काही नाही. एन्झाइम जे बनवतो तो पदार्थ साठला की एन्झाइमचं उत्पादन थांबतं. पदार्थ संपला की पुन्हा सुरू होतं. एकमेकांना रोखणाऱ्या या दोन गोष्टी आपोआप वरखाली होतात आणि त्यालाच आपण पायऱ्या म्हणतो. मिचिसन यांनी 1969 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सगळा मामला मांडला आणि 1971 मध्ये ‘द बायॉलॉजी ऑफ द सेल सायकल’ हे पुस्तक लिहिलं. त्यात एन्झाइमांचे प्रकार पाडले होते: पायरीवाले, उंच जाऊन खाली येणारे, सरळ रेषेत वाढणारे, चक्रवाढीने वाढणारे. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत जेम्स क्रीनर यांच्याबरोबर केलेल्या मोजणीत सुक्रेज आणि फॉस्फेटेज सरळ रेषेत वाढताना दिसत होते. फक्त चक्रातल्या एका बिंदूवर वेग दुप्पट व्हायचा. म्हणजे प्रत्येक एन्झाइमला पायरी असतेच असं नाही, याची कुणकुण त्यांना लागली होती.

पुस्तक गाजलं. पेशीचक्र या विषयाला स्वतंत्र ओळख मिळाली त्यात त्याचा मोठा वाटा. आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच पुस्तकातला पायऱ्यांचा भाग ढासळू लागला. ढासळवण्यात मिचिसन यांचा स्वतःचाच हात होता.

युक्ती इतकी सोपी, की आधी का सुचली नाही असं वाटावं. पेशी साखरेच्या नळीत घालायच्या, फिरवायच्या, त्रास सगळा तोच द्यायचा. पण शेवटी वरचा थर न उचलता सगळ्या पेशी पुन्हा एकत्र मिसळून वाढवायच्या. यांच्यात लहान-मोठ्या सगळ्या वयांच्या पेशी आहेत, त्यामुळे चक्रामुळे होणारा बदल इथे दिसता कामा नये. रेषा गुळगुळीत चढायला हवी. काही एन्झाइमांची ती तशी चढली नाही. इथेही पायऱ्या आल्या. जामसांवलीच्या वाटेवर नाक्याला तास-दोन तास अडवून ठेवलेली माणसं सोडली तर ती सगळी पहिल्याच टपरीवर तुटून पडतील, आणि मोजणारा वहीत लिहील की या भागातले लोक चहा पितात तो झुंडीनेच. झुंड वाटेने केली नव्हती, नाक्याने केली होती.

दुसरीकडून कॅलिफोर्नियात स्टीव्हन एलियट आणि कॅल्व्हिन मॅक्लॉफ्लिन यांनी 1978 मध्ये बेकरीची यीस्ट वेगळ्या यंत्राने, वाहत्या द्रवात आकारानुसार वेगळी केली, आणि एन्झाइम एकेक न मोजता प्रथिनं कोणत्या वेगाने बनतात ते पाहिलं. बहुतेक प्रथिनं चक्रभर, पेशीच्या वाढीबरोबर, न थांबता बनत होती. गुणसूत्र ओळीने वाचलं जातं हे मत त्यानंतर उठलं नाही. पाठ्यपुस्तकांतून पायऱ्यांचे आलेख जायला आणखी काही वर्षं लागली; पाठ्यपुस्तकांचं तसंच असतं.

एन्झाइमांचा हिशेब असा फसत असताना पेशीचक्राचा खरा धागा दुसऱ्यांच्या हाती लागला होता, आणि त्यांनी एन्झाइम मोजलेच नव्हते. सिअॅटलमध्ये लेलंड हार्टवेल यांनी बेकरीच्या यीस्टचे असे वाण शोधले, की जे 23 अंश सेल्सियसला नीट वाढतात आणि 36 अंशांना नेऊन ठेवले की चक्रात एका ठरावीक जागी अडकतात. अंकुर किती मोठा झालाय ते पाहून पेशी कुठे अडकली ते कळे. ही ओळख पटवणारे फोटो काढले ते ब्रायन रीड या पदवीच्या विद्यार्थ्याने. 1970 मध्ये पहिला निबंध आला. पेशींना ओळीत उभं करण्याची गरजच उरली नाही. वाण आपणहून येऊन एका जागी थांबत. जी जनुकं बिघडली की चक्र थांबतं त्यांची यादी बनत गेली. त्यातलं अठ्ठाविसावं सीडीसी28. ते नसेल तर पेशी नव्या चक्रात पाऊलच टाकत नाही.

मिचिसन यांच्या प्रयोगशाळेत याच सुमारास पॉल नर्स आले. पीएचडीला त्यांनी यीस्टमधल्या अमिनो आम्लांच्या साठ्यावर काम केलं होतं, म्हणजे तेही मोजणीच्याच वाटेने निघाले होते. हार्टवेल यांचे निबंध वाचून त्यांनी वाट बदलली आणि कांडीच्या यीस्टमध्ये तसेच वाण शोधायला घेतले. आधी बर्नला जाऊन लॉयपोल्ड यांच्याकडे आनुवंशिकी शिकून आले. शोधता शोधता त्यांना एक वाण दिसला, तो अडकत नव्हता. उलट वेळेआधीच, अर्ध्या लांबीवरच दुभंगत होता. 1975 मध्ये त्यांनी त्याविषयी ‘नेचर’मध्ये लिहिलं. हा वाण महत्त्वाचा का, ते पाहायला हवं. चक्र थांबवणारं जनुक म्हणजे चक्र चालवणारं जनुक असं नाही. गाडीतलं काहीही मोडलं तरी गाडी थांबते. चक्र लवकर घडवून आणणारा बिघाड मात्र वेग ठरवणाऱ्या जागीच झालेला असणार.

असे आखूड वाण त्यांनी जवळपास पन्नास गोळा केले. एक सोडून सगळे एकाच जनुकातले, वी1 मधले. उरलेल्या एकाची गोष्ट नर्स यांनीच पुढे अनेकदा सांगितली आहे. त्या वाणाच्या बशीवर बुरशी आली होती, वेगळं काढण्याचा कंटाळा आला, आणि आठवड्याच्या अखेरीला त्यांनी ती कचऱ्यात टाकून दिली. घरी जेवल्यावर चुटपुट लागली, पावसात परत प्रयोगशाळेत गेले आणि कचऱ्यातून ती बशी उचलून आणली. तो बिघाड सीडीसी2 या जनुकात निघाला. या जनुकात एका तऱ्हेचा बिघाड झाला तर पेशी अडकते, दुसऱ्या तऱ्हेचा झाला तर घाई करते. 1982 मध्ये कळलं की कांडीच्या यीस्टमधलं सीडीसी2 आणि बेकरीच्या यीस्टमधलं सीडीसी28 ही एकमेकांची कामं करू शकतात, आणि 1987 मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी लंडनमध्ये माणसाचं जनुक यीस्टमध्ये घालून दाखवलं, की तेही तेच काम करतं.

सीडीसी2 जे प्रथिन बनवतं ते काय निघालं? एन्झाइमच. दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारा, म्हणजे कायनेज. पेशीचक्राचा धनी एन्झाइमच होता. पायऱ्यांवर आयुष्य घालवलेल्या पिढीला यात समाधान वाटायला हरकत नव्हती. पण 1986 मध्ये नर्स यांच्या प्रयोगशाळेतूनच दोन निष्कर्ष आले: या जनुकाचं वाचन चक्रभर सारखंच चालू असतं, आणि प्रथिनाचं प्रमाणही बदलत नाही. ज्या एन्झाइमच्या हाती सगळं चक्र, त्याला ना पायरी, ना चढ, ना उतार. बदलते ती त्याची कामाची ताकद. विभाजनाआधी ती कमालीची वाढते, विभाजन झालं की जवळजवळ शून्यावर येते.

प्रमाण तेच राहून ताकद बदलते कशी, याचं एक उत्तर त्या आखूड वाणातच दडलं होतं. वी1 हाही एक कायनेज. तो सीडीसी2 च्या एका विशिष्ट जागी फॉस्फेट चिकटवून त्याला गप्प बसवतो; सीडीसी25 नावाचा दुसरा एन्झाइम ते फॉस्फेट काढतो. वी1 बिघडला की गप्प बसवणारं कुणी नाही, म्हणून पेशी लहान असतानाच दुभंगते.

दुसरं उत्तर यीस्टमधून आलं नाही. 1982 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत टिम हंट हे ब्रिटिश जीवरसायनतज्ज्ञ समुद्री अर्चिनची अंडी पाहत होते. फलित अंड्यात नव्याने बनणारी प्रथिनं किरणोत्सारी अमिनो आम्लाने खूण करून त्यांनी दर काही मिनिटांनी तपासली. बाकी सगळ्या पट्ट्या गडद होत जात होत्या. एक पट्टी गडद व्हायची आणि विभाजनाच्या सुमाराला नाहीशी व्हायची. पुन्हा यायची, पुन्हा जायची. प्रथिन बनतं तसं ते ठरलेल्या वेळी नष्टही केलं जातं, ही गोष्ट त्या काळी जवळजवळ कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. त्या प्रथिनाला सायक्लिन म्हणतात. सीडीसी2 ला जोडीदार म्हणून ते लागतंच. जोडीदार आला की एन्झाइम जागा होतो, जोडीदार नष्ट झाला की झोपतो. योगायोग असा, की मिचिसन यीस्टकडे वळण्याआधी अर्चिनच्याच अंड्यांवर काम करत होते, आणि हॅल्व्हर्सन पुढे याच वुड्स होलच्या संस्थेचे संचालक झाले.

बेकरीच्या यीस्टमध्ये ही सायक्लिनं कोणती आणि विभाजनात त्यांचं काम काय, हे व्हिएन्नात किम नॅस्मिथ यांच्या गटाने उलगडलं. त्यांच्या 1991 च्या ‘सेल’मधल्या निबंधावर पहिलं नाव उत्तम सुराणा यांचं आहे. सायक्लिन फोडण्यासाठी पेशी त्याच्यावर आधी युबिक्विटिन नावाची खूण चिकटवते, आणि मग ते प्रथिनं चिरणाऱ्या यंत्रणेत जातं, हेही याच दशकात स्पष्ट झालं. 2001 चं वैद्यकाचं नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना मिळालं.

इथे थोडं गणित करून पाहण्यासारखं आहे, कारण साठच्या दशकातल्या आलेखांचं खरं दुखणं त्यात आहे. समजा एखादा एन्झाइम टिकाऊ आहे, पेशी तो फोडत नाही. विभाजनात तो दोघींत निम्मा-निम्मा वाटला जातो, म्हणून पुढच्या विभाजनापर्यंत तो दुप्पट व्हायला हवा. आता तो चक्रभर सावकाश बनो की पाच मिनिटांत झपाट्याने, पेशीतलं त्याचं प्रमाण एक आणि दोन यांच्या मध्येच राहणार. पायरी असली तरी तिची उंची दुपटीपेक्षा जास्त असूच शकत नाही. एवढ्याशा फरकाने पेशीचं काही ठरणं कठीण. सायक्लिनचा प्रकार वेगळा: ते जवळपास शून्यावरून चढतं आणि पुन्हा शून्यावर कोसळतं. वेळ दाखवायची तर बनवण्याइतकंच मोडावं लागतं. जुन्या मोजणीत मोडण्याला जागाच नव्हती.

आणि तरीही पायऱ्या पूर्णपणे खोट्या नव्हत्या. डीएनएची नक्कल करायची वेळ आली की त्या कामाचे काही एन्झाइम खरोखरच वेळेवर वाढवले जातात: डीएनएचे घटक तयार करणारा रिबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज, डीएनएचे तुकडे जोडणारा लायगेज, थायमिडिलेट सिंथेज. यांच्या जनुकांपुढे अक्षरांचा एक सारखा क्रम असतो आणि त्यावर एकच प्रथिनसमूह येऊन बसतो, म्हणून ती मिळून चालू होतात. डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलं जातं त्या हिस्टोन प्रथिनांचंही तसंच. त्यांच्या संदेश-आरएनएची, म्हणजे जनुक वाचून बनणाऱ्या प्रतीची, चढउतार यीस्टमध्ये 1981 मध्येच दाखवली गेली होती. म्हणजे वेळापत्रक होतं, पण ते गुणसूत्रावरच्या जागेचं नव्हतं. कामाच्या गरजेचं होतं.

बेकरीच्या यीस्टचा सगळा जनुकसंच 1996 मध्ये वाचून झाला. त्यानंतर पॉल स्पेलमन, ब्रूस फ्यूचर, डेव्हिड बॉटस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये सुमारे 6,000 जनुकांचा संदेश-आरएनए चक्रभर एकदम मोजला, आणि सुमारे 800 जनुकं चक्राबरोबर वरखाली होतात असं जाहीर केलं. पेशी ओळीत आणण्याच्या तीन निरनिराळ्या रीती वापरण्याची खबरदारी त्यांनी घेतली होती. साठच्या दशकाचा धडा वाया गेला नव्हता. तरी मिशिगनचे स्टीफन कूपर उठले आणि वर्षानुवर्षं लिहीत राहिले, की रसायन घालून किंवा तापमान चढवून अडवलेल्या पेशी खऱ्या अर्थाने एका वयाच्या होतच नाहीत, आणि यादीतली बरीच चढउतार अडवण्याचीच आहे. कूपर यांचा सूर काहींना अतिरेकी वाटला. मला तो गरजेचा वाटतो. नाक्यावर कुणीतरी उभं राहून विचारायलाच हवं. कांडीच्या यीस्टवर वेगवेगळ्या गटांनी अशाच याद्या केल्या तेव्हा त्या एकमेकींशी पुरत्या जुळल्या नाहीत. ठामपणे वरखाली होणारी जनुकं निघाली, पण यादीच्या शेपटाकडची नावं गटागणिक बदलत गेली. शिवाय संदेश-आरएनए वर गेला म्हणून प्रथिन तितकंच वर जातं असं नाही. वरचं गणित इथेही लागू आहे.

मिचिसन 1988 मध्ये निवृत्त झाले, पण काम सोडलं नाही. 2003 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी चक्रातल्या वाढीवर दीर्घ परीक्षण लिहिलं. त्यातला प्रश्न 1957 चाच होता: एकटी पेशी वाढते ती सरळ रेषेत, की चक्रवाढीने, की मध्येच वेग बदलून? एन्झाइमांच्या पायऱ्यांसाठी त्यांचं नाव आता फारसं कुणी घेत नाही. वाढीच्या त्या प्रश्नासाठी घेतात. 2011 मध्ये ते गेले.

रोजच्या चयापचयाचे एन्झाइम, बुखनरच्या रसातले ते साखर फोडणारे, ते चक्राशी बांधलेले आहेत की नाहीत, याचं एक नेमकं उत्तर 2016 मध्ये आलं. यीस्ट ट्रेहॅलोज नावाच्या साखरेचा साठा ठेवते आणि ट्रेहॅलेज हा एन्झाइम तो फोडतो. जेनिफर एवाल्ड, यान स्कॉटहाइम आणि सहकाऱ्यांनी एकीकडे, आणि फ्यूचर यांच्या गटाने स्वतंत्रपणे दुसरीकडे दाखवलं, की चक्राचा तो मुख्य कायनेज ट्रेहॅलेजवर फॉस्फेट चिकटवतो आणि त्याची ताकद वाढवतो. साठ्यातली साखर सुटते आणि पेशी ती विभाजनाच्या कामाला लावते. ट्रेहॅलेज नव्याने बनवावा लागत नाही. फ्यूचर हे त्या 800 जनुकांच्या यादीवरचेच.